बसा, सोडतो

…न्हाई, तुमीच सांगा, माणसानं चालायचं तरी कुठं? अर्धा तास, राव, नुसता अर्धा तास! डॉक्टर म्हणले, "गोरखभाऊ, साखर तीनशेच्या घरात गेलीय. रोज झपाझप चाला, वहिनींनाही न्या, त्यांचं बीपी अन् गुडघे ताळ्यावर राहतील. महिन्यात साखर उतरली नाही, तर रोज पोटात सुई." खोटं कशाला सांगू, गाईला टोचतात तवाबी मी तोंड फिरवतो.

दुसऱ्या दिशी नवे बूट घातले, खोडदच्या रस्त्याला लागलो. शंभर पावलं न्हाई झाली, तर गेणभाऊ दुधाचे कॅन घेऊन आडवा. "गाडी बिघडली का? बसा, सोडतो." म्हणलं, चालायचंय. "कुठं?" म्हणलं, कुठं न्हाई, नुसतंच. तर हळूच म्हणतो, "घरी काय झालं का?" त्याच्या पोरीची सोयरीक मी जुळवलेली, न्हाई म्हणावं तर माणूस रुसतो… बसलो. त्यानं सोडलं थेट टपरीवर, अन् वर गोड चहा पाजला.

तिसऱ्या दिशी ट्रॅक्टर, "बसा, सोडतो." उसाच्या कडंनं आडवाटेला गेलो तर जीप, "बिबट्या हिंडतोय, एकटे कुठं? बसा, सोडतो."

म्हणलं, आपल्या मंडळीला घेऊ, मोहिनीला, जोडीला कोण अडवंल? तिला झपाझप म्हणून सांगितलेलं, ती दहा पावलं म्होरं, मी धापा टाकत मागं… गावभर झालं, गोरखची बायको भांडून माहेरी निघाली! सांजच्याला मेव्हणा दोन माणसं घेऊन दारात, समजूत काढायला. त्यांच्यासाठी शिरा केला, मलाबी पंगतीला बसवलं. लई राग आला, पण खाल्ला.

काल महिना भरला. म्हणलं, आज दवाखान्यात चालतच जायचं. अन् तुमाला सांगतो, रस्ता मोकळा, अंगाला घाम, छाती हलकी… महिन्यात पयल्यांदा बरं वाटलं. तवर मागून मोटार आली, काच खाली झाली. आत डॉक्टर.

"अहो गोरखभाऊ, एवढ्या उन्हात चालत? बसा, सोडतो."

डॉक्टरला न्हाई कसं म्हणायचं? बसलो. दवाखान्यात त्यांनीच रिपोर्ट बघितला, चष्मा काढला अन् म्हणले, "तुम्ही चालतच नाही."

आज सकाळी मोहिनीनं पयली सुई टोचली.

असू द्या, निघतो… आं? न्हाई न्हाई, उठू नका, हितंच तर घर हाये, पायी… बरं. काढा गाडी.