चौथ्या प्रकारचा ग्रह

नाई, तृप्ती घरी नाई, वैभवराव — सांगतलं ना, कॉलेजात गेली — तुम्ही बसा, तिचे बाबा संत्र्याच्या बगीच्यातून येऊनच राह्यले. वही? तिची वही कायले पायजे तुम्हाले? लग्न ठरलं म्हणून काय वहीही पाहा लागते? — अजी, कथा लिहिते पोट्टी, दूरच्या ग्रहांची, त्याच्यात तुमचं काय असन! मले वाचून दाखवते, म्हणून माहीत. तिच्या कथेत एक बाई आहे, तिचं कामच ते — नव्या ग्रहावर उतरायचं अन् त्याचा प्रकार ठरवायचा. पहिला प्रकार, जिथी उघड्या नाकानं श्वास घेता येते. दुसरा, जिथी नळी लावून राहा लागते. तिसरा निस्ता दगड, त्याच्यापासून कोणाले तरास नाई. अन् चौथा — दुरून हिरवागार दिसते, पण उतरलं की यान पुन्हा उठत नाई. मागच्या महिन्यात तिनं एका ग्रहाचा प्रकार खोडला. पहिल्याचा चौथा केला. मी विचारलं, काहून व? तं म्हणे, आई, पाहण्यात चूक झालती.

तुम्ही तिले साडी पसंत करायले पांढुर्ण्याले नेलं होतं ना — त्याच्याच दुसऱ्या दिवशी खोडला. तुमच्या संगं जाऊन घरी आली तं मनगट निळं. म्हणे त्यायनं माहा मोबाईल मागितला, मी दिला नाई, म्हणून पिरगाळलं, अन् गाडीतून दोन घंटे उतरूच दिलं नाई — नाई नाई, मी कोणाले सांगतलं नाई. तिच्या बाबालेही नाई. उलट तिलेच म्हटलं, होते असं कधी कधी, लांब बाह्यांचा ड्रेस घाल — मी म्हटलं हे, तिच्या आईनं.

उठले काहून तुम्ही? त्या खोलीत काही नाई, कापसाची पोती हायत — थांबा. कडीले हात नका लावू. हाव, आहे ती आत. तुमची गाडी दिसली तशी पळाली, अन् कडी मी लावली. तिचे बाबा बगीच्यात नाईत, नागपूरले गेले, संध्याकाळशिवाय येत नाईत — खोटं बोलली मी. घरी आम्ही दोघीच आहो. भेव वाटते मले तुमचं. पण या दारासमोरून मी हटत नाई, वैभवराव. तुमच्या आईले सांगा, सोयरीक मोडली. जा आता. चपला बाहेर हायत तुमच्या.