दुसऱ्या शिफ्टचा बाण

मंडळी, ऐका! आज निरूपणाला एकच प्रश्न घेतलाय. छोटा आहे, पण घशात अडकणारा आहे. स्वाभिमान कुठे संपतो — आणि ताठा कुठे सुरू होतो?

सांगा! पुढे बसलेल्या माउली मान डोलावतायत. मान डोलावणं सोपं असतं हो, उत्तर द्या! नाही येत? मलाही चटकन नाही येत. म्हणून तर आख्यान लागतं.

आणि ती मागची मंडळी — खुर्च्यांवरची! गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, मान्य! बसा आरामात. पण आबा, खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवू नका. आज मी तुमच्या खुर्चीचंच आख्यान सांगणार आहे. हसू नका! देवाचं आख्यान सांगतात, राजाचं सांगतात, मग खुर्चीचं का नाही? राजा तरी कशावर बसतो?

तर मंडळी — जळगावच्या एमआयडीसीत एक कारखाना होता. गिरणाई प्लास्टिक. तिथे खुर्च्या व्हायच्या. प्लास्टिकचा दाणा येतो गोणीतून, अगदी साबुदाण्यासारखा. मशीन तो वितळवते, साच्यात दाबते, साचा उघडला की — खुर्ची! तव्यावरून पोळी उतरावी तशी गरमागरम! आणि दुसऱ्या शिफ्टला त्या मशीनसमोर उभा असायचा आपला नायक — सुपडू झोपे.

आडनाव झोपे! पण शिफ्टमध्ये कधी डुलकी म्हणून घेतली नाही पठ्ठ्याने. नाहीतर आमचे काही टाळकरी — आडनाव जागीरदार, आणि अभंग सुरू झाला की... असो! रागावू नका जागीरदार, तुमच्याशिवाय ताल नाही आमचा.

आता या कारखान्याची एक रीत होती. साच्यात एक छोटासा फिरता बाण बसवलेला. शिफ्ट बदलली की स्क्रूड्रायव्हरने तो बाण फिरवायचा. पहिल्या शिफ्टला एकावर, दुसऱ्या शिफ्टला दोनवर. म्हणजे प्रत्येक खुर्चीच्या पोटाखाली खूण उमटते — ही कोणाच्या शिफ्टची. दोन नंबरचा माल म्हणू नका बरं, पाप लागेल!

ही खूण कशासाठी? कौतुकासाठी? छे! शिव्या घालायला! खुर्ची मोडली, तक्रार आली, की मालक खुर्ची उलटी करणार, बाण बघणार — बोलवा त्याला! बाकीचे लोक काय करायचे? शिफ्टच्या शेवटच्या तासाला हळूच बाण एक आणि दोनच्या मध्ये अडकवून ठेवायचे. आपला कच्चा माल कोणाच्याच नावावर नाही! आणि सुपडूआप्पा? मशीनला हात लावायच्या आधी बाण फिरवायचे. लोक जसे दुकान उघडल्यावर आधी उदबत्ती लावतात ना — तसा हा बाण! मालक म्हणायचे, “सुपडू, तुटक्या मालाचा चुरा जरा जास्त टाक दाण्यात. कोणाला दिसतंय?” सुपडूआप्पा म्हणायचे, “शेठ, टाकतो. पण मग बाण काढून टाका साच्यातून.” शेठ चिडायचे आणि निघून जायचे. चुरा पडायचा नाही.

पण मंडळी, चांगलं काम केलं म्हणून कारखाना चालतोच असं थोडंच आहे? शेठ थकले, मुलं परदेशात. मशिनी विकल्या, गेटला कुलूप. सुपडूआप्पा घरी. डोक्यात केस पिकलेले, हातात हुन्नर, आणि खिशात — काही नाही! एक साधं कार्डसुद्धा नाही.

भुसावळचे मेहुणे आले. साड्यांचं मोठं दुकान त्यांचं. म्हणाले, “दाजी, गादीवर बसा. पंख्याखाली काम. गुरुवारपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” भला माणूस! पण सुपडूआप्पा काही हो म्हणेनात. ज्याने उभा जन्म साचा उघडताना पाहिला, त्याने आता साडीच्या घड्या उघडायच्या? काम वाईट नाही हो! पण मासा झाडावर चढवला तर तो फळ खाईल का?

घरात सिंधूताई. आमच्या वहिनीसाहेब फार तिखट! त्या म्हणाल्या, “अहो, बुधवारी प्लास्टिकवाल्यांचा मेळावा आहे. पाइपवाले येणार, चटईवाले येणार, दवाखान्याचा माल करणारे येणार. सगळ्यांना माणसं पाहिजेत. जा, भेटा, बोला.”

“मी? दारोदार फिरून काम मागू? सुपडू झोपेने कोणापुढे हात पसरला नाही आजवर!”

“देवापुढे रोज पसरता की!”

“तो देव आहे.”

“मग त्याच देवाने दिलेली जीभ आहे ना तोंडात? ती काय फक्त माझ्याशी भांडायला दिली?”

ऐकलंत? याला म्हणतात निरूपण! आम्ही तासभर बोलतो, बायका एका वाक्यात संपवतात.

बुधवार आला. इस्त्रीचा शर्ट घालून सुपडूआप्पा मेळाव्याला गेले. मोठा मांडव, चहा, भाषणं. आणि भाषणं संपल्यावर जे सुरू झालं — कार्डांची देवाणघेवाण! तुम्ही पाहिलीय का कधी? संक्रांतीला तिळगूळ वाटतात ना, तशी! हा त्याला देतो, तो याला देतो, “घ्या, घ्या, आमचंही घ्या!” फक्त गोड बोला एवढंच म्हणायचं राहतं. या सगळ्याला आजकालची पोरं म्हणतात नेटवर्किंग. आपण म्हणतो ओळखपाळख. आपल्या बापजाद्यांनी बाजारात, लग्नात, पंगतीत हेच केलं, फक्त कार्ड छापलं नाही!

एकाने सुपडूआप्पांना विचारलं, “आपलं कार्ड?” यांनी खिसा चाचपला — नुसता रुमाल. म्हणाले, “मी सहज आलोय.” तो माणूस पुढे गेला. दुसऱ्याने विचारलं, “कुठली कंपनी?” हे म्हणाले, “होती एक.” तोही पुढे गेला. सुपडूआप्पा मागे सरकत सरकत पार चहाच्या टेबलापाशी पोचले.

तिथे एक बाई उभ्या होत्या. वर्षाताई भारंबे. दवाखान्यात सलाइनला लागणारा माल करतात, मोठा कारखाना. त्या एका पाइपवाल्या साहेबांना सांगत होत्या — “मशीन आणली, दाणा आणला, ऑर्डर आहे. पण माणसं कुठून आणू? साचा घासणारा माणूस नाही. माल तपासणारी नजर नाही.”

आणि मंडळी — सुपडूआप्पांचं तोंड उघडलं!

“ताई, साचा घासायला आमचा लतीफ आहे. लतीफ तडवी. आरशासारखा करून देतो, त्यात बघून दाढी करा! आणि तपासायला शोभा कोळी. तिच्या हाताखालून केसाएवढी चीर निसटत नाही. दोघंही घरी बसलेत. आणि पाइपवाले साहेब, तुम्हाला मशीनचा फिटर लागतो ना? आमचा काशिनाथ बाविस्कर घ्या, त्याला मशीनचा आवाज ऐकून ताप कळतो!”

बोलतायत, बोलतायत! कार्ड नाही, कंपनी नाही, लाज नाही, संकोच नाही! वर्षाताईंनी नावं लिहून घेतली, पाइपवाल्या साहेबांनी फोन नंबर घेतला. अर्ध्या तासात सगळ्या दुसऱ्या शिफ्टची सोय लागली.

मग वर्षाताईंनी विचारलं, “आणि तुम्ही? तुमचं काय?”

बोला आता! बोला ना आप्पा! अहो, गाडी दारात उभी आहे, बसा की! पण छे. जी जीभ लतीफसाठी घोड्यासारखी धावली, ती स्वतःसाठी पेंड खाऊन बसली. म्हणाले, “मी? मी असाच... बघायला आलो होतो.”

काय म्हणावं याला? स्वाभिमान? की ताठा? मी सांगत नाही. अजून आख्यान बाकी आहे.

सुपडूआप्पा निघाले. उद्या गुरुवार. भुसावळ. साड्या. मांडवाच्या दारापर्यंत पोचले — आणि मागे आवाज झाला. कडाड!

प्रमुख पाहुणे! देह भरभक्कम, माणूस गोड. जेवायला खुर्ची ओढून बसले आणि खुर्चीचा पायच मोडला. पाहुणे खाली, ताट वर, बासुंदी अंगावर! धावपळ, “लागलं का साहेब?”, “पाणी आणा!” लागलं नव्हतं काही. पण आता कोणी बसेना! मंडपवाल्याने निरनिराळ्या खुर्च्या आणलेल्या, जुन्या-नव्या सरमिसळ. एवढे प्लास्टिकचे उद्योजक, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला भीत उभे राहिले! पुजाऱ्याने नारळ फोडावा आणि त्यानेच प्रसाद खायला भ्यावं, तसं झालं.

सुपडूआप्पा परत फिरले. राहवेना! या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. वस्तू हातात आली की आधी उलटी करणार. लग्नात गेला तरी ताटाखाली बघणार, बादलीचं बूड बघणार! सुपडूआप्पांनी एक खुर्ची उलटी केली, पाहिली, सरळ ठेवली. “हिच्यावर बसा.” दुसरी उलटी केली. “ही बाजूला ठेवा.” तिसरी — “साहेब, तुम्ही हिच्यावर बसा. निर्धास्त बसा!”

पाहुणे बिचकत बसले. खुर्ची हूं की चूं करेना! जरा वाकली, वजन घेतलं, आणि उभी राहिली.

“तुम्हाला कसं कळतं हो?” पाहुण्यांनी विचारलं.

सुपडूआप्पांनी शेजारची खुर्ची उलटी करून धरली. “हा बाण बघा. दोनवर आहे. ही गिरणाईची दुसरी शिफ्ट. या खुर्चीत चुरा नाही.”

“छातीठोक सांगताय?”

“बाण मीच फिरवायचो साहेब.”

ज्याला सकाळपासून लोक विचारत होते, तुम्ही कोण, तुमची कंपनी कुठली — त्याच्याच हातच्या खुर्च्यांवर बसून अर्ध्या मांडवाने भाषणं ऐकली होती! वर्षाताई पुढे आल्या. म्हणाल्या, “मघाशी सगळ्यांची नावं सांगितलीत. तुमचं का नाही सांगितलं?”

आता मंडळी, श्वास धरा. समोर ताई, मागे भुसावळ. सिंधूताईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला — तो फार चांगला दिसला नसणार! आणि आप्पा बोलले.

“ताई, माझ्याकडे कार्ड नाही. माझं कार्ड हे आहे, या खुर्चीखाली. आयुष्यभर दुसऱ्या शिफ्टला ते छापत होतो. मला काम पाहिजे.”

झालं! एवढंच बोलायचं होतं! आभाळ कोसळलं नाही, नाक कापलं गेलं नाही.

पण वर्षाताई काय कच्च्या गुरूच्या चेल्या? त्या म्हणाल्या, “आप्पा, माझ्याकडे खुर्च्या होत नाहीत. रोग्याच्या नसेत जाणारं औषध ज्यातून वाहतं, तो माल होतो. दाणा वेगळा, मशीन वेगळी. नव्याने शिकावं लागेल. शिकवणारी इंजिनिअर तुमच्या मुलीच्या वयाची आहे. चालेल?”

ही खरी परीक्षा! मागणं एकवेळ जमतं, पण एवढी वर्षं उस्ताद म्हणवून घेतल्यावर पुन्हा पाटी घेऊन बसायचं?

सुपडूआप्पा हसले. “ताई, मशीनवर दाणा बदलला, की आधी नळीतला जुना माल निघून जावा लागतो. तोवर थोडा माल वाया जातो. माझंही तसंच होईल. तेवढं सांभाळून घ्या, मग बघा!” आणि लगेच मान ताठ करून म्हणाले, “पण माझीही एक अट आहे. साच्यात बाण पाहिजे. माझ्या हातून चूक झाली तर माझ्याच नावावर यावी.”

वर्षाताईंनी हात जोडले. म्हणाल्या, “सोमवारी या. बाण तुम्हीच बसवा.”

आप्पा घरी आले. सिंधूताई दारातच. “मागितलंत का?”

“मागितलं नाही,” आप्पा म्हणाले. “सांगितलं.”

आता मंडळी, सुरुवातीचा प्रश्न आठवा. काम चोख करून त्यावर आपली खूण उमटवायची, तिची जबाबदारी घ्यायची — हा स्वाभिमान. आणि एवढं चोख काम करूनही सांगायला लाजायचं, शिकायला लाजायचं — तो ताठा. चांगली खुर्ची वजन आलं की जरा वाकते, म्हणून टिकते. जी मुळीच वाकत नाही, तिने पाहुण्यांना बासुंदीची आंघोळ घातली!

म्हणून मुलांनो, ओळखी करा! मेळाव्याला जा, कार्ड छापा, दहा जणांशी बोला. आज पाइप, गाड्या, दवाखाने, शेतातलं ठिबक — कुठे हा दाणा लागत नाही? जागा पुष्कळ आहेत. पण जाताना पदरात काहीतरी घेऊन जा. आणि आपली सोय पाहण्याआधी आपल्या लतीफचं, आपल्या शोभाचं नाव घ्या. दुसऱ्याचं नाव घेणाऱ्याचं नाव लोक आपोआप विचारतात!

आणि बाकीच्यांनो, हसताय काय? तुमचा बाण कुठे आहे? गुरुजी, तुमच्या वर्गातल्या पोरांवर तुमचा बाण उमटवायची तयारी आहे का? ते कोपऱ्यातले ठेकेदारसाहेब — मागच्या वर्षीच्या रस्त्यावर लावणार का बाण? मान खाली घातली! आणि मी? या कीर्तनावर माझाही बाण आहे बरं, तक्रार असेल तर मलाच सांगा, मृदंगवाल्याला नको!

चला, टाळ उचला. गजर झाल्यावर खुर्च्या रचायच्या आहेत. रचताना एकदा उलट्या करा. आबा, तुमची मी संध्याकाळीच बघून ठेवलीय. बाण दोनवर आहे. खुशाल झुला! आणि म्हणा माझ्याबरोबर, मोठ्याने, मान ताठ ठेवून, हात जोडून — पांडुरंग हरी!