ताईने बोलावलेले मासे

चहा होईपर्यंत ताईची एक गोष्ट सांगतो. हसण्यासारखी मात्र नाही. तिचा मुलगा नद्यांतील माशांची पाहणी करतो. दोन होड्यांच्या मध्ये बांधलेले जाळे पाण्याच्या वरच्या थरातून ओढायचे आणि सापडतील ते मासे तपासायचे, हे त्याचे काम. त्या दिवशी नर्मदेवर त्याच्या होडीत ताई आणि मीही होतो. सकाळपासून जाळे रिकामेच येत होते.

ताई रोज तिलवाऱ्याच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालते. तो तिचा नेम आहे. मुलाचा उतरलेला चेहरा पाहून ती म्हणाली, "माझ्या माशांना बोलावू का?"

"अच्छा, तुझं ऐकतात का ते? चलो, बोलाव."

ताईने घाटाजवळ गोळ्या टाकल्या आणि हाक मारली, "या रे बाळांनो." मासे वर आले. जाळे भरले.

"झालं ना तुझं काम? सोड आता त्यांना."

"आई, नमुने सोडत नसतात. कापून तपासावे लागतात."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे?"

मासे धरणे पाप आहे की नाही, यावर वाद होऊ शकतो. विश्वासाने आलेल्याला धरण्याविषयी तो होऊ नये.

दुसऱ्या दिवशी ताई मला सोबत घेऊन नर्मदामाईची क्षमा मागायला रिकाम्या हाताने घाटावर गेली. तिची सावली पाण्यावर पडताच उरलेले मासे वर आले.

"अजूनही येऊन राहिले रे," ती मला म्हणाली.