मारी, ग्लुकोज आणि तानूबाईंचं पाकीट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शाळा समितीचे माननीय आबासाहेब. प्रमुख पाहुण्या, सरपंच प्रयागबाई. व्यासपीठावरील मान्यवर, माझे शिक्षक बंधू-भगिनी, विद्यार्थ्यांनो – मागची रांग, मी बघते आहे – आणि एकोणतीस वर्षांत आज प्रथमच या हॉलमध्ये हातात चहाचा ट्रे न घेता आलेल्या आमच्या सत्कारमूर्ती, तानूबाई.

मुख्याध्यापिका म्हणून मी निरोपाची भाषणं पुष्कळ केली. सेवा, त्याग, समर्पण हे शब्द त्यांत येतातच. ते आबासाहेबांनी आत्ताच वापरून संपवले आहेत. तेव्हा मी बिस्किटांवर बोलणार आहे.

हसण्यासारखं काय आहे? विषय गंभीर आहे. आमच्या शिक्षक खोलीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. डब्यात मारी असते. का असावी, हे मी एका वाक्यात सांगते. मारी चहात बुडवून पाच आकडे मोजा, ती शाबूत बाहेर येते. ग्लुकोज तिसऱ्या आकड्याला मान टाकतं आणि कपाच्या तळाशी चिखल करून बसतं. खारीबद्दल बोलायलाच नको. बारामतीहून ताजी खारी आली, की सहामाहीच्या उत्तरपत्रिकांवर तिचे पापुद्रे आणि गणिताच्या पेपराला तुपाचे डाग!

पण आमचे गणिताचे हिंदुराव सर कट्टर ग्लुकोजवाले. ते म्हणायचे, "बाई, जे इरघळत न्हाय ते बिस्कीट कसलं? त्यो पुठ्ठा हाय!"

पुठ्ठा! मारीला!

अकरा वर्षांपूर्वी आम्ही सगळे निवडणुकीच्या ड्युटीवरून परतलो. अंगात अजून मतदान केंद्रच भिनलेलं. ठरलं, की डब्याचा निकाल गुप्त मतदानानं लावायचा. मी केंद्राध्यक्ष. हिंदुराव सरांनी नकाशांचा आडोसा केला, कुणीतरी बोटांना शाई लावली. अडचण एकच होती. आम्ही शिक्षक, एकमेकांचं अक्षर दुरून ओळखतो. मग मत गुप्त राहणार कसं? म्हणून नियम केला: लिहायचं नाही, चित्र काढायचं. मारी गोल, ग्लुकोज चौकोनी.

निकाल काय लागला? सहा-सहा. आणि दोन मतं खारीला! ती कुणाची, ते मला अजून कळलेलं नाही. राजेश्वरी मॅडम, आपण खाली का बघता आहात?

मग निर्णायक मत तानूबाईंचं. त्यांना कागद-पेन्सिल दिली. त्या चुलीपाशी गेल्या, पाच मिनिटांनी पाकीट चिकटवून घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, मी हितं हाय तवर ह्ये उघडायचं न्हाय. ज्याचं बिस्कीट हारंल त्याला उद्या च्या कुठल्या तोंडानं देऊ?"

केंद्राध्यक्षांनी ते मान्य केलं. पाकीट कपाटात गेलं आणि तोवर 'जैसे थे', म्हणजे मारी. हिंदुराव सरांनी अकरा वर्षं मारी खाल्ली. रोज माझ्याकडे बघून खाल्ली.

आज तानूबाई निवृत्त होत आहेत. हे पाहा पाकीट, आणि हा तो डबा. चौकोन निघाला, तर मी अकरा वर्षं अन्यायानं राज्य केलं असं होईल, आणि भर सभेत किल्ली हिंदुराव सरांच्या हाती देईन. आबासाहेब, तुम्ही साक्षीला. चिकटवलेली कड सगळ्यांनी बघून घ्या, शाबूत आहे.

उघडते.

गोल! गोल आहे! मारी! मारी! मी सांगत नव्हते? प्रयागबाई, बघा, तुम्ही बघा, गोल –

काय, हिंदुराव सर? माईकमध्ये बोला. ते विचारताहेत, "बाई, मारीला खाली तवा लागतो व्हय?"

थांबा. चष्मा लावते.

तवा आहे. खाली तवा आहे. वर पापुद्रा फुगला आहे. तानूबाई, हे काय काढलंत?

ऐकलंत सगळ्यांनी? त्या म्हणतात, "भाकरी हाय, बाई. सकाळची. मी च्यात भाकरीच खाते की."

एकोणतीस वर्षं. आमचा चहा झाल्यावर ही बाई आत जाऊन चुलीपाशी बसायची. काय खाते, हे बारा पदवीधरांनी आणि दोन खारीवाल्यांनी एकदाही विचारलं नाही. आणि मी, केंद्राध्यक्ष, उमेदवारांची यादी मीच केली होती.

निकाल जाहीर करते. भाकरी विजयी. आक्षेप असल्यास हिंदुराव सरांनी नंतर घ्यावा, आत्ता त्यांनी डोळे पुसावेत. शाल-श्रीफळाबरोबर हा डबा तानूबाईंना भेट. कुलूप मी आत्ता काढते आहे.

आज चहा मी करणार आहे. तानूबाई, उठायचं नाही. बसा! त्यांच्या पिशवीत दीड भाकरी आहे, आत्ताच विचारलं. आपण सत्तर जण. त्या म्हणतात, "पुरंल की, तुकडा तुकडा."

आबासाहेबांचे, पाहुण्यांचे आणि शांत बसलेल्या पुढच्या रांगांचे आभार. मारीच्या भरात माझा तोल गेला असेल, तर ग्लुकोजवाल्यांनी आणि खारीवाल्यांनी मोठ्या मनानं पोटात घालावं. तानूबाईंची माफी मी इथून मागणार नाही. ती चहा गाळून झाल्यावर, आत, चुलीपाशी बसून मागेन. भाकरी बुडवायची किती आकडे, तेही तेव्हाच विचारते.