तिसऱ्यांदा पाण्यात

तिसऱ्यांदा माझ्या भावाला पाण्यात कोणी उतरवलं, योगेंद्रभाऊ? चार दिवस झाले, सगळ्यांना विचारतोय. कॅमेरावाला म्हणतो भाऊंना विचार, आणि तुम्ही म्हणता अल्लाची मर्जी — तुम्ही कधीपासून अल्लाचं नाव घ्यायला लागले? तो हार ठेवा तिकडं. बसू नका, ती आफताबची खुर्ची आहे.

मी चौथीत शाळा सोडली, पण तीनपर्यंत मोजता येतं. पहिल्यांदा तो तुमच्या कॉमेडी व्हिडिओसाठी लुगडं नेसून प्रकाशा गावच्या घाटावरून तापीत पडला, लोक हसले, झालं होतं काम. दुसऱ्यांदा पदर तोंडावर आला म्हणून. आणि तिसऱ्यांदा? मागं मोबाइल दुकानाचा बोर्ड दिसला नाही म्हणून. बोर्ड! लुगडं ओलं झालं की पायाला गुंडाळतं, वाहरू नावाडी सांगत होता तुम्हाला. तो बुडत होता, हात मारत होता, आणि तुम्ही म्हणाले — चालू ठेवा, एकदम खरं वाटतंय. म्हणाले की नाही? वाहरू खोटं बोलत नाही.

आणि आता त्याचं गाणं पाहिजे. हो, फोन माझ्याच खिशात आहे, गाणंही त्यातच आहे. अब्बा कापूस पिंजतात, त्या धनुकलीच्या तारेवर ठेका धरून बांधलेलं. दोन वर्षं तुमच्या मागं फिरला. माझ्यासमोर तुम्हाला हात जोडले त्यानं, ‘भाऊ, एक डाव मन्हं गानं घ्या.’ तुम्ही म्हणाले, गादीवाल्याचं गाणं कोण पाहील? लुगडं नेस, पब्लिकला तेच लागतं, दुकानवाला त्याचेच पैसे देतो. नेसला बिचारा. शहाद्याच्या बाजारात पोरं ‘ओ मावशी’ म्हणून हाका मारायची, तिथं हसायचा. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचा.

त्या दिवशी तर जायचंच नव्हतं त्याला. म्हणाला, आज गाण्याचं बोलतो, नाहीतर सोडतो. मीच म्हटलं, आजचा दिवस कर ना, काय जातं तुझं — मीच गाडीवर बसवून नेलं. तुम्ही मला हवालदाराचं काम देणार होते ना पुढच्या व्हिडिओत. वर्दीचं मापसुद्धा दिलं होतं मी. हे... हे कशाला सांगतोय मी तुम्हाला.

श्रद्धांजली म्हणे. लाखो लोक पाहतील म्हणे. आणि खाली कोणाचा बोर्ड लावाल? नाही मिळणार गाणं. अब्बा ऐकतील, मी ऐकेन, बस. निघा आता. तो हारही घेऊन जा, आमच्यात फोटोला घालत नाहीत.

जाता जाता एवढं ऐका. नखांना तुमचं लाल पॉलिश होतं त्याच्या. दफनाआधी गुसल देतात आमच्यात, शेवटची अंघोळ — नखाला पाणी लागलं पाहिजे, रंग चालत नाही. सुरैय्या खाला रंग काढायचं औषध शोधायला शेजारी धावली. मी नाही थांबलो. त्याचा हात मांडीवर घेतला आणि माझ्या नखानं खरवडत बसलो, हळू, एकेक बोट. दहाच्या दहा साफ केली.