फुकटचं बियाणं

मी महिन्याच्या महिन्याला भाडं मागणारं सॉफ्टवेअर सोडलं, लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि वेबसाइट बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा शहाद्यात सगळ्यात जास्त हसला तो भूषण. धंदा दोघांचा एकच, वेबसाइट बनवून द्यायचा. "फुकटनं बियाणं उगत नही, भाऊ," म्हणे.

पुढे धडगावला आमचूर विकणाऱ्या बायकांच्या गटाला वेबसाइट हवी होती. नमुना दाखवायला आम्ही दोघं एकाच जीपने घाट चढलो. भूषणने आधी लॅपटॉप उघडला. त्याचं सॉफ्टवेअर म्हणालं, इंटरनेट जोडा, भाडं भरलंय का ते बघू द्या. तिथे रेंज कुठली? लॅपटॉप डोक्यावर धरून गडी अंगणभर फिरला, शेवटी ओट्यावर चढला.

तोवर माझ्या डबड्या लॅपटॉपवर नेटशिवायच त्यांचं आमचूर झळकत होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हेच करा." मग भूषणकडे बघून म्हणाल्या, "स्वतःचं कुलूप उघडायला या भाऊंना दुसऱ्याला विचारावं लागतं का?"

घाट उतरून शहादा आल्यावर भूषण म्हणाला, "तुन्हं ते फुकटनं बियाणं मन्हा लॅपटॉपमाबी पेरी दे."