मंगळवारची टकटक

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या बाई, आणि चहाच्या वासाने एव्हाना चुळबुळ करू लागलेल्या श्रोतेहो,

बाईंनी या रुग्णालयात चौतीस वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. गरोदरपणात आईच्या मनावर आलेला ताण पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो का? पोचतो, हे आज आपणच नव्या मुलींना शिकवतो. अशी काही मुलं पुढे चटकन दचकतात, एका जागी रमत नाहीत. पण प्रत्येक अहवालाच्या शेवटी बाई एक ओळ लिहायच्याच: 'याचा दोष आईला देऊ नये.' आम्ही त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा केलीय.

आता थोडं घरचं सांगते, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये. बाईंच्या अभ्यासातल्या पहिल्या बायकांत माझी आई होती, आणि तिच्या पोटात मी. दर मंगळवारी सकाळी बाई घरी यायच्या, पेनाने दारावर तीनदा टकटक करायच्या, नाडी मोजायच्या आणि काही काळजी आहे का, असं विचारायच्या. आई नाही म्हणायची. तिच्या कार्डावर बाईंचा शेरा आहे: 'ठोके फार जलद. कारण सापडत नाही.'

ते कारण आईने मला गेल्या महिन्यात सांगितलं. माझ्याआधीचं तिचं मूल पोटातच गेलं होतं. ही बाई दर आठवड्याला येते, म्हणजे हिला काहीतरी दिसलंय आणि ही सांगत नाहीये, असं तिने मनाशी धरलं होतं. टकटक झाली की तिचा श्वास अडकायचा. "विचारायचं धाडसच झालं नाही गं," ती म्हणाली.

मी बारा वर्षं बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसते. विचार करताना त्या पेन टेबलावर तीनदा वाजवतात, आणि माझा श्वास अडकतो. अगदी पहिल्या दिवसापासून. मला वाटायचं, साहेबीण बाईंचा धाक आहे, दुसरं काय असणार?

गेल्या सोमवारी मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी कपाटातून आईचं कार्ड काढलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्याच ठसठशीत अक्षरात जुन्या शेऱ्याखाली लिहिलं: 'कारण: मी.' मग सवयीने, नकळत, पेन तीनदा वाजवलं.

माझा श्वास अडकला. आणि तुम्ही पाहताच आहात, मला आठवा महिना आहे. सकाळपासून लाथा झाडणारं बाळ एकदम थांबलं. हलेचना. बाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला, आणि आम्ही दोघी नुसत्या वाट बघत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक लाथ बसली. मी फार घाबरले होते, खोटं कशाला सांगू? अजूनही घाबरलेली आहे.

बाई, माझ्या मनात राग नाही. आईच्याही नाही, ती बघा, पहिल्या रांगेत तुमच्यासाठी फुलं घेऊन बसलीय. जन्मानंतरची माया यातलं बरंच पुसून टाकते, हे तुम्हीच शिकवलंत. बरंच, सगळं नाही, हेही तुम्हीच.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. आता बाई मनोगतासाठी उठतील. माइक चालू आहे, बाई, मी तपासलाय. तो वाजवून पाहू नका.